तेल खनिज, मग वायू नैसर्गिक कसा?

मुंबई हायच्या समुद्रात एकाच विहिरीतून दोन गोष्टी वर येतात. एक द्रव, दुसरी वायू. मराठीत पहिलीला आपण 'खनिज तेल' म्हणतो आणि दुसरीला 'नैसर्गिक वायू'. दोन्ही कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या जिवांपासून बनल्या, एकाच खडकात साठून राहिल्या, एकाच भोकातून बाहेर आल्या. बाहेर येताच एकीच्या कपाळी खाण आली आणि दुसरीच्या निसर्ग. कोळशाला कुणी 'नैसर्गिक कोळसा' म्हणत नाही. डिझेलला 'नैसर्गिक तेलाचा अर्क' म्हटलं तर लोक हसतील. वायूला मात्र हे विशेषण असं चिकटलं आहे की ते विशेषण आहे हेही आपण विसरलो.

मी वीसेक वर्षं भाषांतराच्या धंद्यात आहे. कथा-कादंबऱ्यांवर घर चालत नाही, म्हणून पुस्तिका, अहवाल, जाहिराती, ग्राहकांसाठीच्या सूचना असं सगळं करते. या दोन शब्दांतल्या फरकाकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. तोवर मी तो फरक पैसे घेऊन कितीतरी वेळा लिहून दिला होता. हा लेख त्या विशेषणाविरुद्ध आहे, आणि त्याच्याबरोबर जोडीने फिरणाऱ्या 'स्वच्छ'विरुद्ध आहे. वायूवर माझा सरसकट राग नाही. ज्या शहरात मी राहते त्या शहराला या वायूने एकदा वाचवलं आहे, हे मी पुढे सांगणारच आहे. माझं भांडण त्याच्या नावाशी आहे, आणि ते नाव तयार करणाऱ्यांत मीही असल्यामुळे थोडं स्वतःशीही आहे.

आधी शब्दाची कुंडली पाहू. इंग्रजीत 'नॅचरल गॅस' हे नाव पडलं ते एका दुसऱ्या वायूपासून वेगळं ओळखण्यासाठी. एकोणिसाव्या शतकात लंडनपासून मुंबईपर्यंत शहरांचे रस्ते उजळत ते कारखान्यात कोळसा भाजून काढलेल्या वायूवर. मुंबईत हा वायू बॉम्बे गॅस कंपनी तयार करी, आणि लालबागला गॅस कंपनीच्या नावाची गल्ली आजही आहे. तो बनवलेला वायू, आणि जमिनीतून आयता येणारा तो 'नॅचरल'. म्हणजे हा शब्द इतकंच सांगत होता की हा कारखान्यात बनलेला नाही. तो शुद्ध आहे, निरुपद्रवी आहे, झाडापानांच्या नात्यातला आहे असं त्यात काही नव्हतं. पुढे कोळशाचा वायू बंद पडला, तुलनेतला दुसरा गडी निघून गेला आणि विशेषण एकटं उरलं. एकटं उरलेलं विशेषण प्रशस्तिपत्रासारखं वाचलं जातं.

मराठीत आल्यावर त्याचं आणखी फावलं. आपल्याकडे 'नैसर्गिक' म्हणजे नैसर्गिक शेती, नैसर्गिक सौंदर्य, नैसर्गिक रंग. शिवाय या शब्दाला दुसरंही एक काम आहे. नैसर्गिक मृत्यू म्हणजे कुणी मारलेलं नाही. नैसर्गिक आपत्ती म्हणजे कुणी जबाबदार नाही. 'नैसर्गिक' म्हटलं की पंचनामा थांबतो. हा सगळा अर्थसंभार घेऊन तो शब्द वायूच्या नळीवर येऊन बसला. गंमत अशी की या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून कंपन्या त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. स्वयंपाकघरात ज्या वासावरून आपण 'गॅस गळतोय' असं ओरडतो, तो वाससुद्धा नैसर्गिक नाही.

आता दिल्लीकडे येते. कारण 'स्वच्छ इंधन' हा शब्द भारतात रुजला तो या शहरात, आणि तोही न्यायालयात.

28 जुलै 1998 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश दिला की दिल्लीतल्या सगळ्या बस 31 मार्च 2001 पर्यंत सीएनजीवर आणाव्यात. याचिका 1985 ची होती. तेव्हाच्या दिल्लीच्या हवेबद्दल जुनी माणसं आजही सांगतात की संध्याकाळी रुमालाने नाक पुसलं की रुमाल काळा व्हायचा. भुरेलाल यांच्या समितीच्या शिफारशी आणि अनिल अगरवाल, सुनीता नारायण यांच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेचा रेटा यामागे होता. बसमालकांनी, वाहन-उद्योगाने आणि सरकारांनीही चालढकल केली. मुदती वाढत गेल्या. एप्रिल 2002 मध्ये न्यायालयाने रस्त्यावर राहिलेल्या प्रत्येक डिझेल बसमागे दिवसाला 500 रुपये दंड लावला, आणि ते वर्ष संपेपर्यंत शहराच्या बस सीएनजीवर आल्या.

मी त्याच काळात एम. ए. साठी दिल्लीत आले. सीएनजीच्या पंपाबाहेर रिक्षांच्या रांगा पाहिल्या. रात्री रांगेत लावलेल्या रिक्षेतच झोपलेले चालक पाहिले. हा बदल फुकटात झाला नाही, त्याची पहिली किंमत त्यांनी मोजली. पण बसमागचा काळा लोट नाहीसा झाला, हेही याच डोळ्यांनी पाहिलं. त्या वेळी, त्या डिझेलच्या जागी, तो निर्णय बरोबर होता असंच मी आजही म्हणेन.

या कज्जात एक क्षण असा आहे की तो आम्हा भाषांतरकारांनी पाठ करून ठेवायला हवा. 2001 मध्ये न्यायालयासमोर मुद्दा आला: कमी गंधकाचं डिझेल हेही स्वच्छ इंधन मानायचं का? न्यायालयाने भुरेलाल समितीलाच सांगितलं की 'स्वच्छ इंधन' कशाला म्हणायचं ते तपासा. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एका विशेषणाची व्याख्या हवी होती. त्याच सुमारास केंद्र सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिचं म्हणणं असं की सरकारने इंधन निवडू नये, धुराचे निकष ठरवावेत. निकष कुठल्या इंधनाने पाळायचे ते ज्याचं त्याने बघावं. न्यायालयाने हे मानलं नाही. डिझेलवाल्यांना तेव्हा पळवाट हवीच होती, त्यामुळे न मानणं समजण्यासारखं आहे. पण भाषेच्या अंगाने पाहिलं तर माशेलकरांच्या म्हणण्यात तथ्य होतं. निकष मोजता येतो, विशेषण मोजता येत नाही. आणि दिल्लीत पुढे टिकलं ते विशेषणच.

सीएनजी 'स्वच्छ' होता तो कशापेक्षा? 1998 सालच्या गंधकाने भरलेल्या, काजळी ओकणाऱ्या डिझेलपेक्षा. आणि कशाच्या बाबतीत? काजळी आणि गंधकाच्या. वाक्य इतकं लांब होतं. आपण 'पेक्षा' गाळला, 'बाबतीत' गाळला, आणि उरला तो 'स्वच्छ' तेवढा रिक्षेवर, बसवर, पंपावर रंगवला.

जे गाळलं ते हवेतून गेलं नाही. वायू जळतो त्या तापमानाला हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ती छातीला वाईट, आणि पुढे त्यांच्यापासून ओझोन आणि सूक्ष्म कणही बनतात. दिल्ली आणि गुरुग्रामच्या रस्त्यांवर धावत्या वाहनांचा धूर मोजून 'इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन' या संस्थेने 2024 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. सीएनजीच्या टॅक्सी आणि मालवाहू गाड्या प्रयोगशाळेतल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडताना आढळल्या. यात रिक्षावाल्याचा, टॅक्सीवाल्याचा दोष नाही. त्याला आपणच सांगितलं होतं की हे स्वच्छ आहे.

दुसरा हिशेब तापमानाचा. वायूवर वीज केली तर कोळशाच्या मानाने साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो. पुस्तिकांमध्ये एवढंच असतं, आणि ते खरं आहे. पण हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो न जळता निसटला तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट आणि शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे 30 पट उष्णता धरून ठेवतो. विहीर, वाहिनी, झडपा, टाक्या, पंप, शेगडी अशा लांबच्या प्रवासात शंभरातले तीनेक भाग जरी गळाले, तरी वीस वर्षांच्या हिशेबात कोळशावरची आघाडी जवळजवळ संपते. ही गळती डोळ्यांना दिसत नाही. कोळशाचं दुर्दैव असं की तो काळा आहे. वायूला रंग नाही, म्हणून त्याला कुठलाही रंग देता येतो. दिल्लीत आपण हिरवा दिला.

हा सगळा विचार माझ्या डोक्यात आला तो एका उन्हाळ्यात. 2024 च्या एप्रिलमध्ये मी एका कंपनीची ग्राहक-पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करत होते. महाराष्ट्रातल्या एका शहरात घरोघर नळीने वायू पोचवण्याची योजना होती. पहिल्याच पानावर तीन विशेषणं होती, मी लिहिलं: 'स्वच्छ, हरित, नैसर्गिक'. मी पूर्व दिल्लीत राहते. त्याच आठवड्यात गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर पेटला. रात्रभर खिडक्या बंद ठेवूनही घरात जळक्या प्लास्टिकचा वास होता. सकाळच्या पेपरात कारण छापलं होतं: कचरा कुजून मिथेन तयार होतो, आणि उन्हाळ्यात तो पेट घेतो.

मिथेन. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर, तांत्रिक माहितीच्या बारीक टायपात, हाच शब्द होता.

तोच रेणू. एक कार्बन, चार हायड्रोजन. गाझीपूरच्या डोंगरात तो कचऱ्याची घाण आहे आणि त्याच्या पायथ्याशी कचरा वेचणाऱ्यांच्या छातीत जातो. गटारात तो हायड्रोजन सल्फाइडच्या जोडीने असतो, आणि सफाई कामगार आत गुदमरून मेला की बातमीत दोघांना मिळून 'विषारी वायू' म्हणतात. माझ्या आजोळी गोठ्यामागे तो 'गोबर गॅस' होता. बिचारा कामाचा, पण पाहुण्यांसमोर न सांगण्यासारखा. आणि नळीतून मीटरवर मोजून आला की तो 'नैसर्गिक' आणि 'स्वच्छ'. रेणूला जात नाही. नावाला आहे. कुणाच्या घरून आला यावरून आपण त्याला वरचं किंवा खालचं नाव देतो, आणि हे काम आम्ही शब्दांचे लोक करतो.

नाव जसं घाण लपवतं तसं गावही लपवतं. दिल्लीच्या बसमध्ये सुरुवातीला जो वायू जळला त्याचा मोठा भाग आला कुठून? मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या वायूक्षेत्रांतून. तो समुद्रतळाच्या वाहिनीने गुजरातेत हजिऱ्याला जातो आणि तिथून 1980 च्या दशकात टाकलेल्या हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीने उत्तरेकडे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका हिंदी अहवालात मी 'बेसिन क्षेत्र' वाचलं आणि बिनदिक्कत 'खोऱ्याचा प्रदेश' असं मराठी केलं. नदीचं खोरं, दुसरं काय असणार? पुढे कळलं की तो शब्द 'बसीन' आहे, म्हणजे आपली वसई. चिमाजी अप्पांची वसई. पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत, इंग्रजीतून तेल कंपनीच्या नकाशात आणि नकाशातून हिंदीत जाताना तिचा चेहरा इतका पुसला गेला की तिच्याच भाषेतल्या भाषांतरकर्तीला ती ओळखता आली नाही. ती चूक माझी. पण दिल्लीत शेगडी पेटवणाऱ्या किती जणांना माहीत आहे की त्या निळ्या ज्योतीला वसईचं नाव आहे?

मराठी वाचकाला वायूचा आणखी एक पत्ता विसरता येणार नाही: गुहागर तालुका, दाभोळच्या खाडीचं तोंड, अंजनवेल आणि वेलदूर. एन्रॉन. डिसेंबर 1993 चा वीजखरेदी करार, 1995 च्या निवडणूक प्रचारात तो अरबी समुद्रात बुडवण्याच्या गर्जना, युतीचं सरकार आल्यावर आधी करार रद्द आणि मग वाटाघाटी करून पुन्हा चालू. आयात केलेल्या द्रवरूप वायूवर चालणारं अद्ययावत केंद्र म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, ते 1999 मध्ये सुरू झालं ते नाफ्त्यावर, आणि 2001 मध्ये बंदही पडलं. एन्रॉनच्या हयातीत तिथे वायू आलाच नाही. आली ती राज्य वीज मंडळाला न पेलणारी बिलं आणि त्याआधी पोलिसांच्या लाठ्या. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर, त्यांतही वेलदूरच्या कोळणींवर, काय गुजरलं ते अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्थांनी लिहून ठेवलं आहे. आज तिथे द्रवरूप वायूचं बंदर चालतं. वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रव केला की त्याचं आकारमान सहाशेव्या हिश्शावर येतं, मग तो जहाजात भरून समुद्रापार आणता येतो. एवढं थंड करायला, वाहायला, पुन्हा वायू करायला जे इंधन जळतं ते 'स्वच्छ' या शब्दात कुठे बसतं, हे मला कुठल्याही पुस्तिकेने सांगितलेलं नाही.

अलीकडे एक तिसरा शब्द आला आहे: 'सेतू इंधन'. कोळशाकडून सूर्याकडे आणि वाऱ्याकडे जाताना मधला पूल म्हणजे वायू. शब्द देखणा आहे. पण पूल किती लांबीचा? भारताच्या ऊर्जेत वायूचा वाटा आज सहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि 2030 पर्यंत तो पंधरा टक्के करण्याचं सरकारचं उद्दिष्ट आहे. देशाला लागणारा जवळजवळ निम्मा वायू बाहेरून येतो, आणि कतारबरोबरचा मोठा पुरवठा-करार फेब्रुवारी 2024 मध्ये 2048 पर्यंत वाढवला गेला. 2048 साली आज बालवाडीत असलेलं मूल नोकरीला लागलेलं असेल. इतका लांब पूल ओलांडण्यासाठी बांधत नाहीत, राहण्यासाठी बांधतात.

आता आक्षेप. 'शब्द बदलून हवा बदलते का?' असं एका मित्राने विचारलं. हवा बदलत नाही, पण पैसा कुठे जातो ते बदलतं. जुलै 2022 मध्ये युरोपीय संसदेत मतदान झालं ते वायूला काही अटींवर हरित गुंतवणुकीच्या यादीत बसवायचं की नाही यावर. बसवण्याच्या बाजूने कौल गेला. भांडण लेबलाचं होतं, कारण लेबलामागे भांडवल चालत येतं. एनसीआरमध्ये 2023 च्या जानेवारीपासून वीजकेंद्रं सोडून बाकी कारखान्यांत कोळसा बंद झाला आणि पुष्कळसे वायूकडे वळले. हवेसाठी हे योग्यच झालं. पण तिथेही लोक हुश्श करून बसले, जणू प्रश्न सुटला.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. 'चुलीपुढे खोकणाऱ्या बाईला हे सांगणार का?' नाही सांगणार. चुलीचा धूर माणसं मारतो, आणि तिला सिलिंडर मिळणं हा तिचा हक्क आहे. पण तिच्या सिलिंडरमधला वायू वेगळा आहे. तो प्रोपेन-ब्यूटेनचा, एलपीजी. आपण दोघांनाही 'गॅस' म्हणतो म्हणून तिच्या खोकल्याची साक्ष काढून समुद्रकिनारी बंदरं उभी करता येतात. शब्द नेमका असता तर तिचं नाव असं परस्पर वापरता आलं नसतं.

तिसरा आक्षेप कोशकारांचा: शब्द रुळला आहे. रुळलेले शब्द बदलतात. 'अपंग'चं 'दिव्यांग' सरकारने ठरवलं तेव्हा झालंच. इथे तर नवा शब्द घडवायचीही गरज नाही. 'खनिज तेल' घरात आहे, त्याच्या शेजारी 'खनिज वायू' ठेवायचा. जिथे शास्त्राची गोष्ट आहे तिथे सरळ 'मिथेन' म्हणायचं. आणि 'स्वच्छ' लिहिताना प्रत्येक वेळी 'कशापेक्षा' आणि 'कोणत्या बाबतीत' ही दोन पदं जोडायची. वाक्य लांब होईल. होऊ द्यावं.

हे मी या अंकात लिहिते आहे, कारण आपण इथे एका कवितेतल्या एका शब्दावर पानंच्या पानं खर्च करतो, आणि ते योग्यच आहे. पण जे शब्द दर महिन्याला बिलावर छापून घराघरांत जातात, त्यांच्याकडे पाहायला आपल्याला कमीपणा वाटतो. ते काम आपण रात्री, नाव न लावता, शब्दाला अमुक पैसे या दराने उरकतो.

गेल्या वर्षी त्याच पुस्तिकेची सुधारित आवृत्ती माझ्याकडे आली. पहिल्या पानावर मी लिहिलं: 'कोळसा आणि डिझेलपेक्षा कमी काजळी करणारा खनिज वायू'. दोन दिवसांनी कार्यालयातून फोन आला. "मॅडम, अर्थ बरोबर आहे हो, पण जरा जड वाटतंय. आधीचंच ठेवू या का?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझे पैसे वेळेवर दिले आणि आधीचंच ठेवलं. अशा मजकुरावर भाषांतरकाराचं नाव नसतं, म्हणून इथे सांगून टाकते: 'स्वच्छ, हरित, नैसर्गिक' हे शब्द माझे आहेत, आणि मी ते परत घेते.